जेमतेम 800 किलो

शनिवार, पितृपक्ष

पाऊस ओसरला की सगळ्यात आधी लाकूड बघायचं, हा माझा नेम. रंग, क्रोम, इंजिन सगळं नंतर. माझी गाडी एमजी टीसी, एक जुनी, उघडी इंग्लिश स्पोर्ट्स कार. ती वरून पत्र्याची दिसते, पण तो पत्रा नुसता मढवलेला असतो. आतला सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1945 ते 1949 या काळात अशा सुमारे 10,000 गाड्या बनल्या. तिथल्या हवेसाठी घडवलेलं लाकूड दादरचा पावसाळा कसा सोसतंय, हे दरवर्षी नव्यानं तपासावं लागतं.

स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन दरवाजाच्या खांबावर वरून खाली ठोकत यायचं. निरोगी लाकडातून टणक, कोरडा आवाज येतो. पाणी मुरलं असेल तिथे आवाज बसतो. टीसीच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, म्हणजे दार पुढून उघडतं. धावत्या गाडीत कडी सुटली तर वारा दार सताड उघडून टाकेल. म्हणून या खांबाच्या बाबतीत मी कुठलीच तडजोड करत नाही. आज डाव्या खांबाच्या अगदी तळाशी, जिथे तो चासीवर बोल्टनं बसतो, तिथे आवाज बसला. टोचा लावला तर टोक आत गेलं.

अ‍ॅश आपल्याकडे सहजी मिळत नाही. रे रोडच्या लाकूडबाजारातून जुन्या सागाचा तुकडा आणून ठेवला होता, कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या तुळईतला, आतपर्यंत वाळलेला. साग वजनाला अ‍ॅशच्याच आसपास, म्हणून मला तो पटतो. फक्त त्याच्या अंगात तेल असतं, त्यावर गोंद नीट धरत नाही. ताज्या तासलेल्या बाजूवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचा आणि लगेच इपॉक्सी लावायचं.

सुतारकाका म्हणाले, "ताई, अख्खा खांबच नवा करू. पक्कं काम होईल."

"काका, जेवढं गेलंय तेवढंच काढू. वरचं लाकूड ठणठणीत आहे."

त्यांनी दोनदा ठोकून पाहिलं, मान हलवली आणि तिरका सांधा आखायला घेतला. सांधा जितका लांब तिरका, तितकी गोंदाला धरायला जागा जास्त. संध्याकाळपर्यंत क्लॅम्प लागले.

मंगळवार

दार पूर्वीसारखं एका बोटानं लागतंय. बाकी काही नाही.

गुरुवार

ऑफिस सुटल्यावर नागदेवी स्ट्रीट. एका बोल्टसाठी.

टीसीच्या 1250 सीसी इंजिनाचं नाव एक्सपॅग. त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. हे कळेपर्यंत माणूस वेडा होतो, कळल्यावर त्यात गुंतून जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉचकिस या फ्रेंच शस्त्रकंपनीनं कॉव्हेन्ट्रीला कारखाना काढला होता. 1923 साली एमजीच्या मागे असलेल्या मॉरिसनं तो विकत घेतला, त्याबरोबर फ्रेंच मापाची यंत्रं आली. इंजिनं त्याच यंत्रांवर बनत राहिली, म्हणून आटे मेट्रिक. इंग्लंडमधल्या मेकॅनिककडे मात्र पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी त्यांच्या मापाची ठेवली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या व्यवहारामुळे मी आज मुंबईत दुकानं पालथी घालतेय.

त्यातही 8 मिलिमीटरचा नेहमीचा बोल्ट 1.25 पिचचा, म्हणजे दोन आट्यांमध्ये तेवढे मिलिमीटर अंतर असलेला असतो, मला 1.0 पिचचा हवा. चुकीचा बोल्ट पहिले दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की ब्लॉकमधले आटे गेलेच. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, चालून जाईल." या गाडीत "चालून जाईल" असं काही चालत नाही. शेवटी भायखळ्याच्या लेथवाल्याकडे गेले. त्यानं जुना बोल्ट हातात घेतला, पिच गेज लावलं आणि हाय टेन्साइल सळईतून दोन बोल्ट काढून दिले. डोकंही व्हिटवर्थचंच केलं, न सांगता. मुंबईत अशी माणसं अजून आहेत आणि त्यांच्याच जिवावर या गाड्या आहेत. पैसे देताना मला ते फार कमी वाटले. तसं बोललेही आणि जास्त दिले.

रविवार

आजचा दिवस कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा. या गाडीला असे दोन आहेत.

2025 पासून पंपावर जिथे जावं तिथे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. नव्या गाड्या त्या हिशेबानं बनतात. माझ्या गाडीच्या नळ्या, गॅस्केटं आणि कार्ब्युरेटरमधली बुचाची पॅकिंगं ज्या काळातली, त्या काळात कुणी याचा विचारही केला नव्हता. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. मुंबईत ओलीला काय तोटा! चार महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला बसतं आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून पावसाळ्याआधीच टाकी पूर्ण रिकामी केली होती. रबरी नळ्या व्हायटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या, जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीची, पॅकिंगंही त्याच रबराच्या ओ-रिंगची. मूळ वस्तू टिकवण्यासाठी मी जिवाचं रान करते, पण पेट्रोल गळून गरम एक्झॉस्टवर पडणार असेल तर मूळ बूच हवंच हा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कुठे हटून बसायचं आणि कुठे सोडायचं, याची माझी फूटपट्टी एकच आहे. बदलानं गाडीचं वजन वाढता कामा नये आणि तिचा स्वभाव बदलता कामा नये.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. गाडी पिकअपला अडखळते, जास्त तापते. एसयू कार्ब्युरेटरची मोठी सोय म्हणजे हे हातानं सुधारता येतं. खाली जेटचा षटकोनी नट असतो. तो खाली फिरवला की मिश्रण दाट होतं, वर फिरवला की पातळ. एका वेळी नटाची फक्त एक बाजू फिरवायची आणि थांबायचं.

पण त्याआधी दोन्ही कार्ब्युरेटर समान हवा ओढताहेत का ते पाहायचं. एअर फिल्टरचा पाइप काढायचा, हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा सूं सूं आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. पुढच्याचा आवाज आज थोडा चढा होता. थ्रॉटलचा स्क्रू पाव फेरा सोडला, पुन्हा ऐकलं. खालून वॉचमन, वरून शेजारच्या काकू, समोरून टेम्पोचा हॉर्न, आणि मी त्या दोन सुस्कारांमध्ये फरक शोधत होते. हळूहळू दोन्ही सारखे झाले, आणि तो क्षण आधी इंजिनालाच कळला. थरथर गेली, स्लो रनिंग गुळगुळीत झालं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं एकेका कार्ब्युरेटरमधला पिस्टन केसभर उचलून पाहिला. रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण दाट, इंजिन बसायला लागलं तर पातळ. जरा वाढून पुन्हा जागेवर आली की बरोबर. मागच्याला नटाची एक बाजू दिली, पुढच्याला दोन. हात पेट्रोलनं गार पडले होते. घरी कुणी विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस, तर दाखवायला काहीच नसतं. गाडी तशीच उभी असते, फक्त श्वास नीट घेते.

खंडेनवमी

गॅरेजमधल्या फळीवर हत्यारं मांडून पूजा केली. व्हिटवर्थचे पाने, फीलर गेज, ग्रीस गन, चाकाच्या नटासाठीचा तांब्याचा हातोडा. टीसीची तारांची चाकं एकाच मधल्या नटावर बसतात, त्याच्या कानांवर हातोड्यानं ठोकून तो आवळायचा. तांबं नटापेक्षा मऊ, म्हणून क्रोम फुटत नाही, हातोडाच झिजतो. त्याच्या तोंडाला आता चांगले खळगे पडलेत. त्याला पहिलं फूल वाहिलं.

दुपारी जुन्या गाड्यांच्या वर्तुळातले एक ओळखीचे गृहस्थ आले. मनापासून बोलत होते. जपानी पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून देतो, पुढे डिस्क ब्रेक, डायनॅमो काढून अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगसुद्धा करता येईल. "मॅडम, मग ही रोज चालवाल."

त्यांना चहा दिला आणि नको म्हटलं. पण ते गेल्यावर बराच वेळ विचार करत बसले, कारण नको का, हे माझं मला नीट मांडता आलं पाहिजे.

टीसीचं वजन जेमतेम 800 किलो. इंजिनाची ताकद 54 अश्वशक्ती. रस्त्यावरच्या मोठ्या एसयूव्ही आज दीड टनाच्या पुढे असतात, त्यांच्या मानानं ही ताकद काहीच नाही. तरी ही स्पोर्ट्स कार आहे, कारण इंजिनाला ओढायला फार काही ठेवलेलंच नाही. दारांना काचा नाहीत, पावसात लावायचे पडदे आहेत. फरशी प्लायवूडची. पेट्रोलचा काटासुद्धा नाही, टाकी संपत आली की एक दिवा लागतो. माझ्याकडे आली तेव्हा कुणीतरी तिला लोखंडी पत्र्याची फरशी आणि जीपचं जाडजूड सीट बसवलं होतं. ते काढून मरीन प्लाय टाकला त्या दिवशी गाडी वळणावर वेगळीच वागली. स्टिअरिंग हलकं झालं, ब्रेक आधी लागले, सस्पेन्शनचे पाटे नीट खेळायला लागले. मी कुठलाच सुटा भाग सुधारला नव्हता, फक्त ओझं उतरवलं होतं.

एक सोय वाढवली की ती एकटी येत नाही. डिस्क ब्रेक आले की एक्सल बदला, पॉवर स्टिअरिंग आलं की विजेचा भार वाढतो, मग अल्टरनेटर हवाच, मग मोठी बॅटरी. शेवटी हातात उरते ती टीसीच्या पत्र्यातली दुसरीच कुठलीतरी गाडी. त्या गाडीत बसून मला पुढच्या चाकाखाली पेव्हर ब्लॉक आहे की डांबर, हे कळणार नाही. आता कळतं, आणि त्या कळण्यासाठीच मी रविवार देते.

दसरा

झेंडूचं तोरण रेडिएटरवर बांधलं, चाकाखाली लिंबू. सकाळी लवकर भाचीला घेऊन निघाले. दादरहून वरळी, तिथून कोस्टल रोड.

या गाडीत भाचीला खरंखुरं काम असतं. टीसीत चालकासमोर आरपीएमचं, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचं घड्याळ आणि वेगाचा काटा शेजारच्या माणसासमोर, तोही मैलांत. ती जबाबदारीनं वाचत असते.

"मावशी, तीस. दिवा विझला!"

डॅशबोर्डवरचा तो छोटा दिवा ताशी 20 ते 30 मैलांच्या मध्ये लागतो. इंग्लंडमधल्या गावातली वेगमर्यादा 30 मैलांची, त्यासाठी दिलेला. म्हणजे आपले 48 किलोमीटर. मुंबईत गाडी बहुतेक वेळ त्या दिव्याच्या आतच असते आणि तरी खूप काही घडत असतं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पडण्याची सोय नाही, तो गाडी थांबल्यावरच टाकायचा, म्हणून सिग्नल लांबून वाचायचा, रेस आधीच सोडायची. स्टिअरिंगला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा असतोच. ते घट्ट धरून ठेवलं तर गाडी भांडते, हलक्या हातानं धरलं की सरळ जाते.

प्रियदर्शिनी पार्कजवळ बोगद्यात शिरलो. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटर. उघड्या गाडीत तो आवाज चहूबाजूंनी अंगावर येतो. नीट जुळवलेल्या चार सिलिंडरांचा आवाज, कुठे मिसिंग नाही, कुठे फट्ट नाही. रविवारच्या त्या दोन सुस्कारांचा हिशेब बरोबर होता. भाची काटा वाचायचं विसरून ओरडत होती. मीही ओरडले.

मरीन ड्राइव्हला थांबलो तर नेहमीप्रमाणे लोक जमले. एका मुलानं अष्टकोनी बिल्ला पाहून विचारलं, "ही हेक्टरवाल्यांची का?" त्याला सांगितलं की नाव तेच, एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळचं ऑक्सफर्डचं, आता मालक चिनी कंपनी. त्यानं वाकून तारांची चाकं पाहिली, मग प्लायवूडची फरशी पाहिली आणि विचारलं, "एवढंच?" त्याला आत बसवलं.

समुद्रावरून येणारा वारा अंगाला छान, गाडीला वाईट. घरी आल्यावर आधी गोड्या पाण्यानं स्पोकांच्या मुळाशी साचलेला खार धुतला, पुसलं, मग सोनं वाटायला गेले.

शनिवार

आज कागदपत्रं. नोंदणीची मुदत संपत आलीय. 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. जुना नंबर असेल तर तोही ठेवता येतो. चांगली तरतूद आहे, कितीतरी गाड्या तिच्यामुळे भंगारात जाणार नाहीत. पण विंटेज ठरली की गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्याचपुरती रस्त्यावर काढायची, नेहमीच्या वापरासाठी नाही. ज्यांची गाडी वर्षातून एकदा हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला निघते, त्यांच्यासाठी हे उत्तम.

मी साधं पाच वर्षांचं नूतनीकरणच करणार आहे. त्यासाठी दर वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते, ब्रेक, दिवे, धूर सगळं दाखवावं लागतं. न्यावी. ब्रेक ऑइल ओल शोषतं, पावसाळ्यानंतर ते तसंही बदलायचंच होतं. चारही ड्रम उघडून सिलिंडरांची रबरं बघायची, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनना ग्रीस द्यायचं, हॉर्न दुरुस्त करायचा. मेकॅनिककाकांना फोन केला. ते म्हणाले, "बुधवारी येतो ताई, पण जॅक तुमचा चांगला काढून ठेवा, माझ्याचं सील गेलंय."