पुस्तक चार दिवसांत वाचलं, रिव्ह्यू लागायला दीड महिना गेला

छोट्या प्रकाशकांना आपण इथे देवगडात बसून काय मदत करणार, तर पुस्तक विकत घ्यायचं, वाचायचं आणि चार ओळी लिहायच्या. एवढ्यावर मी सुरुवात केली. पुस्तक होतं कोकणच्या आगबोटींवरचं. प्रकाशक म्हणजे नवरा-बायको दोघंच, प्रुफं तपासण्यापासून पार्सलला चिकटपट्टी लावण्यापर्यंत सगळं घरातच, आणि आवृत्ती पाचशेची. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं, यूपीआय केलं, आठवड्यात घरी आलं. माझे वडील मुंबईहून बोटीनेच यायचे, बोट लांब उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्याला उतरायचं, ते सगळं ह्या पुस्तकात पडाववाल्यांच्या तोंडून आहे. एरवी बोट म्हटली की आपल्याला १७ जुलै १९४७ ला बुडालेली रामदास तेवढी आठवते. मी चार दिवसांत वाचून काढलं आणि प्रकाशक काकांना फोन केला तर ते म्हणाले, "ताई, जमलं तर ऑनलाइन दोन शब्द लिहा, आमच्या पुस्तकाखाली एकही रिव्ह्यू नाही."

इथून पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. ज्या मोठ्या ऑनलाइन दुकानात हे पुस्तक लिस्ट आहे तिथे गेले, रात्री जागून दीडशे शब्द लिहिले, बटण दाबलं तर म्हणे ह्या अकाउंटवरून पुरेशी खरेदी झालेली नाही. अहो, खरेदी नसणारच, आमच्या घरचं सगळं मुलाच्या अकाउंटवरून येतं आणि पुस्तक तर मी मुद्दाम थेट प्रकाशकाकडून घेतलं, म्हणजे दुकानाचं कमिशन न कापता पूर्ण पैसे त्यांना मिळावेत! म्हणजे ज्याने प्रकाशकाचं भलं केलं त्यालाच तोंड उघडायची बंदी. मुलगा म्हणाला, आई माझ्या अकाउंटवरून टाक. नाही टाकलं. वाचलं मी, मत माझं, नाव पण माझंच हवं. मग पावसाळ्यासाठी ताडपत्री घ्यायचीच होती ती आणि मिक्सर माझ्या अकाउंटवरून मागवला आणि थांबले. थांबायचं किती दिवस हे कुठेच नीट लिहिलेलं नाही, चॅटवर विचारलं तर तेच तेच छापील उत्तर, तीनदा. त्यात पाऊस सुरू झाला, लाइट गेली की रेंज पण जाते, एकदा सगळं टाइप केलेलं उडालं. (म्हणून आधी नोट्समध्ये लिहून ठेवा, मग तिथे पेस्ट करा.)

शेवटी बटण चाललं. दुसऱ्या दिवशी मेल, तुमचा रिव्ह्यू नियमांत बसत नाही. कुठला नियम, ते नाही. मीच शोधून काढलं की मी खाली प्रकाशकांचा फोन नंबर दिला होता तो चालत नाही. काढला. परत नाकारला! ह्यावेळी मी पॅकिंग छान होतं आणि पोस्टेज धरून कितीला पडलं ते लिहिलं होतं, तर ते म्हणे विक्रेत्याबद्दल झालं, पुस्तकाबद्दल नाही. चौथ्यांदा फक्त पुस्तकाबद्दल लिहिलं, काय आवडलं ते, आणि तिसऱ्या प्रकरणात शुद्धलेखनाच्या चुका राहिल्यात तेही. ते मी ह्याआधीही काढलं नव्हतं, नुसती स्तुती असली की वाचणाऱ्याला ती घरच्यांनी लिहिल्यासारखी वाटते. तीन दिवसांनी लागला. मी बाहेर पडवीत जाऊन नवऱ्याला हाक मारून दाखवला, एवढा आनंद झाला होता.

गुडरीड्स म्हणून वाचकांची एक वेबसाइट आहे, तिथे खरेदीची अट नाही हे मला नंतर कळलं, त्यामुळे तुम्ही पहिलं तिथे लिहा. आणि पुस्तक शोधताना त्याच्यावर छापलेला आयएसबीएन नंबर टाका, मराठी नावं इंग्रजीत कशीही लिहिलेली असतात आणि सापडत नाहीत.

पोस्टेजचं का लिहिलं होतं ते सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय, बंद झालं, पाच किलोचा गठ्ठा ८० रुपयांत जायचा तो तेव्हा त्यांना कितीतरी महाग पडायला लागला, आणि ज्यांच्याकडे गोडाऊन नाही, दुकान नाही त्यांचा सगळा धंदाच पार्सलवर. म्हणून शक्य असेल तर शेजारीपाजारी मिळून तीन-चार पुस्तकं एकदम मागवा. आम्ही परवा तसंच केलं, माझ्या रिव्ह्यूनंतर आळीतल्या दोघींनी तेच पुस्तक मागितलं.

अजून एक राहिलं, गावच्या वाचनालयाच्या मागणी वहीत पुस्तकाचं नाव आणि प्रकाशकाचा पत्ता लिहून या. तिथे मात्र फोन नंबर बिनधास्त लिहा.