38 बोर्डिंग पास आणि एक खातं

मी औषध कारखान्यांचं क्वालिटी ऑडिट करते. हैदराबाद, अहमदाबाद, विशाखापट्टणम हे नेहमीचं. बद्दीला जायचं तर चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे गाडी. वर्षातून दोनदा फ्रँकफर्ट. राहायला मुलुंडला. सकाळी सहाचं विमान असलं की साडेतीनला गाडी खाली उभी असते. सात वर्षं असं चाललंय, पण विमान कंपन्या प्रवासावर जे पॉइंट्स देतात त्यांच्याकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. दिसेल त्या कंपनीचं खातं उघडलेलं, प्रत्येकात थोडे थोडे जमलेले, आणि एकाही खात्यातून साधं अहमदाबादचं तिकीट निघेना.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन बसले. मेलमधून वर्षभराचे बोर्डिंग पास शोधले आणि एकेक उतरवून काढला: तारीख, कंपनी, कुठून कुठे, तिकीट केवढ्याचं. एकूण 38 निघाले. 23 इंडिगोचे, 9 एअर इंडियाचे, फ्रँकफर्टच्या जाण्यायेण्याचे 4 लुफ्तान्साचे, दोन इतर. हे ज्यांना करायचंय त्यांना माझं एकच सांगणं: कुठल्याही योजनेची माहितीपत्रकं वाचायच्या आधी ही वही करा. मला वाटत होतं, मी इंडिगोने सगळ्यात जास्त फिरते, म्हणजे उत्तर तिथेच आहे. पण किमतीच्या रकान्याची बेरीज केली तेव्हा फ्रँकफर्टच्या दोन फेऱ्या उरलेल्या 34 तिकिटांच्या जवळ जाऊन बसल्या.

ही बेरीज महत्त्वाची, कारण आता बऱ्याच ठिकाणी पॉइंट्स पैशांवर मिळतात. एअर इंडियाने 2024 मध्ये आपली योजना बदलली आणि स्वतःच्या विमानांसाठी अंतराऐवजी तिकिटाच्या रकमेवर पॉइंट्स द्यायला सुरुवात केली. आमचं ट्रॅव्हल डेस्क मिळेल ते सगळ्यात स्वस्त तिकीट काढतं. अशी वीस तिकिटं झाली तरी खात्यात फारसं काही पडत नाही.

मग विमान कंपन्यांच्या आघाडीचा विचार केला. एअर इंडिया जुलै 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्तान्साही त्यातच. म्हणजे लुफ्तान्साने फ्रँकफर्टला गेले तरी त्याचे पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. फक्त तिकिटावरचं बुकिंग क्लासचं, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारं, अक्षर बघायचं. शेजारी बसलेल्या दोघांचं अक्षर वेगळं असेल तर पॉइंट्सही वेगळे पडतात, आणि काही स्वस्त अक्षरांवर अगदीच कमी. तेव्हापासून डेस्कला मी आधी ते अक्षर विचारते. पुढे स्टार गोल्डपर्यंत, म्हणजे या आघाडीतल्या वरच्या दर्जापर्यंत पोचले, तर इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंज मिळतं, सोबत एकाला नेता येतं, चेक-इनची रांग वेगळी असते. रात्रभराच्या प्रवासानंतर पुढच्या विमानाला पाच तास असतील, तेव्हा ते लाउंज मला शंभर सवलतींपेक्षा मोलाचं आहे. क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या लाउंजवर मी विसंबत नाही. बऱ्याच बँकांनी आता त्याला खर्चाची अट लावली आहे.

तेव्हा मुख्य खातं एअर इंडियाचं, आणि इंडिगोचं दुसरं, कारण ते फुकट आहे आणि विमानं तर त्यांचीच घ्यावी लागतात.

खरा त्रास यानंतर झाला. एका कंपनीतलं माझं जुनं खातं लग्नाआधीच्या नावाने होतं. तिकिटं निघतात पासपोर्टवरच्या नावाने, म्हणजे नवऱ्याचं नाव मध्ये आणि सासरचं आडनाव. वर्षभर मी प्रत्येक बुकिंगला तो सदस्य क्रमांक टाकत होते आणि नाव जुळत नाही म्हणून एकही पॉइंट जमा होत नव्हता. कळवलं कोणीच नाही. मी पासपोर्ट पाठवला, मग विवाह नोंदणीचा दाखला मागितला, तो पाठवला, मग दाखला इंग्रजीत हवा म्हणाले. नाव बदलून यायला दोन महिने लागले. तोवर मागचे पॉइंट्स मागायची सहा महिन्यांची मुदत निम्म्या प्रवासांची टळून गेली होती. याचा मला अजून राग आहे. आपल्याकडे अर्ध्या बायकांची कागदपत्रं दोन नावांची असतात, हे त्यांना माहीत नसेल असं कसं म्हणायचं? खातं उघडताना पासपोर्टवर आहे तेच नाव टाका, आणि प्रवास झाल्यावर आठवड्याभरात खातं उघडून बघा. बोर्डिंग पास तोवर फेकू नका.

आणि साठवत बसू नका. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला निघालं. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली, आणि सदस्यांचे पॉइंट्स नव्या घरी गेले. दहा वर्षांनी वापरू म्हणून ठेवलेल्या पॉइंट्सचा नियम दहा वर्षांत कितीदा बदलेल, कोण सांगणार!

मी माझे पहिले वापरले ते आईसाठी. तिला कधीपासून काशीला जायचं होतं. मुंबई-वाराणसी, दोघींची जाण्यायेण्याची तिकिटं पॉइंट्सवर निघाली. कर तेवढे कार्डाने भरले. आई शेजारी आधार कार्ड हातात धरून बसली होती. तिने एकेक अक्षर वाचलं, मी टाकलं. मधलं बाबांचं नाव टाकून झाल्यावर तिने स्क्रीनवर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचून घेतलं, मग म्हणाली, "आता खिडकीची जागा बघ."