लाल खडूतला घोडा: सहावा आठवडा

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नक्कल करायला माणसं पुरे, आता घोडे. घेतले घोडे, आणि तोंडावर आपटलो.

समोर आहे लिओनार्डो दा विंचीचा मागच्या पायांवर उसळलेला घोडा. फ्लॉरेन्सच्या पालात्झो वेक्किओ या नगरसभेच्या वाड्यातल्या, फ्लॉरेन्सने जिंकलेल्या अंघियारीच्या लढाईच्या भित्तिचित्रासाठी १५०३-०४च्या सुमारास त्याने हा कच्चा आराखडा केला. भिंतीवरचं चित्र अर्धवट राहिलं, पण हे चिटोरं इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात शाबूत आहे. आकार जेमतेम १५ सेंटिमीटर. मी मात्र ए-३ कागदावर सुरुवात केली. तळहाताएवढ्या चित्रात जी पाठ मनगटाच्या एका झोक्यात येते, ती एवढ्या मोठ्या कागदावर खांद्यातून ओढावी लागते. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने पोस्टकार्डाएवढे कागद कापले.

खरी मजा पायांत आहे. डोकं आणि पाय एकाच जागी नाहीत. लिओनार्डोने एक जागा करून पाहिली, मग तिच्यावरच दुसरी. पहिल्या पाच प्रतींत मी त्यातले 'बरोबर' पाय निवडून तेवढेच काढत होतो. घोडा चौकातल्या पुतळ्यासारखा गप्प उभा. सहाव्या वेळी सगळे काढले, आधी फिके, मग दाबून. मान फिरली! मुलीने विचारलं, "बाबा, याला इतके पाय कशाला?" म्हटलं, पळायला.

लाल खडू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली माती, आपल्या गेरूचाच भाऊबंद. रबराने धड जात नाही, मागे गुलाबी डाग उरतो. त्यामुळे चुकलेली रेघ सांभाळूनच पुढे जावं लागतं. माझ्यासारख्या सतत खोडत बसणाऱ्याला ही सक्ती मानवली.

छायेच्या रेघांनी छळलं. लिओनार्डो डावखुरा, त्यामुळे त्याच्या सरळ समांतर रेघा बहुधा वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. माझा उजवा हात नेमका उलट पळतो. शेवटी कागदच आडवा फिरवला आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटला. एवढ्यासाठी आठवडा घालवला होता.

पुढे बुडापेस्टच्या संग्रहालयातलं, याच लढाईतल्या ओरडणाऱ्या योद्ध्याचं डोकं घ्यायचंय. तेही लाल खडूतलंच. पण आधी या घोड्याचा पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, जमायला हवा. अजून तो धान्याच्या पोत्यासारखा दिसतोय.