गंटर्सव्हिलला बास मासे पकडायला जाताय? एकच फाटा धरा

अटलांटाहून गाडीने अडीच-तीन तासांवर, अलाबामाच्या ईशान्य कोपऱ्यात गंटर्सव्हिल लेक पसरलाय. टेनेसी नदीवरचं टीव्हीएचं (टेनेसी व्हॅली अथॉरिटी, अमेरिकेची सरकारी संस्था) धरण १९३९ मध्ये पूर्ण झालं. त्यामागे अडलेलं पाणी सुमारे ६९,००० एकर आणि लांबी ७५ मैलांच्या घरात. पहिल्यांदा जाणाऱ्याने नकाशा उघडला की छाती दडपते, आणि मग सगळीकडे थोडं थोडं बघू म्हणता म्हणता दिवस बोट पळवण्यातच जातो. मित्राचं आणि माझं निघण्याआधीच ठरलं होतं: ब्राउन्स क्रीकचा फाटा (लेकचा जमिनीत आत शिरलेला हात) आपला, बाकीचा लेक नाहीच असं धरून चालायचं.

हाच फाटा का? आम्ही मार्चअखेरीस गेलो होतो. त्या सुमारास अंडी घालायच्या तयारीतले लार्जमाउथ बास खोल पाण्यातून उथळ फाट्यांकडे सरकतात. फाट्याच्या तोंडावर रस्त्यासाठी भराव घातलेला असला की त्यांना पुलाखालच्या चिंचोळ्या वाटेनेच आत जावं लागतं. भरावाचे दगड उन्हाने तापतात आणि त्यांच्या फटींत क्रॉफिश (झिंग्यासारखे गोड्या पाण्यातले जीव) असतात, म्हणजे वाटेवरच जेवणाची सोय. बासमास्टर क्लासिक ही बास पकडण्याची मोठी स्पर्धा इथे २०१४ मध्ये रँडी हॉवेलने आणि २०२० मध्ये हँक चेरीने जिंकली. पहिल्याला शेवटच्या दिवशी स्प्रिंग क्रीकचा पूल पावला, दुसऱ्याला ब्राउन्स क्रीकचा भराव. दोन्ही स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमधल्या. एवढा पुरावा आम्हाला पुरेसा होता.

पहिल्या सकाळी अर्ध्या दिवसासाठी गाइड घ्या. पण त्याच्याकडून मासे मोजून घेऊ नका, कारणं काढून घ्या. इथे का थांबलास, वारा फिरला तर कुठे जाशील, ही दोरी का लावलीस? आमचा गाइड आधी जरा वैतागला, मग रंगात आला. पाण्याखालच्या गवताच्या कडा सोनारवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर) कशा दिसतात ते त्याने दाखवलं नसतं, तर दुपारी आमचे आम्ही चाचपडत बसलो असतो.

गंटर्सव्हिलचं खरं वैभव म्हणजे हे पाण्याखालचं गवत, मिलफॉइल आणि हायड्रिला. वसंतात ते अजून तळाजवळच असतं. त्याच्या शेंड्यांना घासत जाईल असा अर्ध्या औंसाचा लिपलेस क्रँकबेट (माशाच्या आकाराचं, पुढे पट्टी नसलेलं कडक नकली आमिष) टाकायचा, शक्यतो लालसर क्रॉफिश रंगाचा. तो अडकला की हळू ओढत बसू नका, रॉडला जोरात झटका द्या. गवतातून सुटून पुढे उसळतो त्याच क्षणी बहुतेक वेळा मासा लागतो. पाणी ५८ फॅरनहाइटच्या आसपास होतं आणि आमचे बहुतेक मासे असेच लागले. भरावावर मात्र क्रँकबेट दगडांना ठोकर देत आणला तेव्हाच काही घडलं.

मासे लागत नसले तर जागा बदलण्याआधी प्रवाह बघा. धरणातून पाणी सोडलं की पुलाखाली ओढ लागते आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून भक्ष्याची वाट बघतात. पाणी सोडण्याच्या वेळा टीव्हीएच्या अ‍ॅपवर मिळतात. त्याप्रमाणे दिवस आखणं हे पहाटे चारला उठण्यापेक्षा मोलाचं, असं माझं मत. (मित्राला ते अजिबात मान्य नाही.)

बोट चालवताना खुणांचे बॉय (वाट दाखवणारे तरंगते खांब) सोडून जाऊ नका. मुख्य पात्रालगत मैलोन्‌मैल उथळ पाणी आहे आणि त्यात बुंधे दडलेले असतात. नैऋत्येचा वारा लेकच्या लांबीला धरून वाहतो, त्यामुळे उघड्या पाण्यात लाटा चटकन उभ्या राहतात. लहान बोट असेल तर फाट्यातच थांबा. मालवाहू बार्जना लांबूनच वाट द्या. इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी अंगाला लावणं २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना २०२१ पासून कायद्याने बंधनकारक आहे.

सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना अलाबामाचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, थोड्या दिवसांचाही असतो. या लेकवर १५ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ किंवा स्मॉलमाउथ बास ठेवता येत नाही, तेव्हा मोजपट्टी हाताशी हवी. नियम बदलतात, निघण्याआधी पुन्हा वाचा. आणि अलाबामाचं घड्याळ जॉर्जियापेक्षा तासभर मागे असतं, गाइडची वेळ ठरवताना हे विचारात घ्या.

जमलं तर गुरुवार-शुक्रवार गाठा. शनिवारी स्पर्धा असतात, बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर ट्रेलरची रांग लागते. उन्हाळ्यात जाणार असाल तर भराव सोडून मुख्य पात्राच्या कडांवर शोधा. शरदात जाणार असाल तर गवताचे जाड थर वर आलेले असतात. तेव्हा पोकळ बेडूक (बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष) आणि ६५ पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) दोरी न्या, त्याहून बारीक दोरीने गवतातला मोठा मासा बाहेर निघत नाही.