दाराआड साडेदहा इंच

आमच्या घरात माणसं ४ आणि पादत्राणं १९ जोड. हा आकडा मला वारज्याच्या या भाड्याच्या घरात राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी कळला, कारण वॉचमन दारात येऊन म्हणाला, "मॅडम, पॅसेजमधलं सगळं आत घ्या. सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय." आधीच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या दाराबाहेर रॅक होता, त्यामुळे चपलांना आत जागा लागते हे डोक्यातच नव्हतं. आग लागली तर जिना आणि पॅसेज हाच पळायचा रस्ता, तो मोकळा हवा, हे मला मान्य आहे. राग आला तो एवढ्याचाच, की समोरच्यांची सायकल आणि तुळशीची कुंडी आजही तिथेच आहे.

तर सगळं आत घेतलं. हॉलच्या कोपऱ्यात ढीग झाला. त्यात कुणाची तरी चप्पल उलटी पडलेली दिसली की सासूबाई, "सरळ कर गं ती, घरात भांडणं होतात," म्हणायच्या. भांडणं व्हायचीच, पण ढिगातून जोड शोधण्यावरून.

घाईघाईत ऑनलाइन एक बंद कपाट मागवलं. ३,२०० रुपये, दोन दारं, अक्रोडी रंग, फोटोत वर फुलदाणी. जूनमध्ये आलं, नवऱ्याने रविवार घालवून जोडलं. जुलैत त्याची परीक्षा झाली. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा चिकटवून दाबलेली फळी. वरून लॅमिनेट असतं तोवर ठीक, पण आमच्या कपाटाची फरशीला टेकणारी कड उघडीच होती, तिथे पट्टी लावलेलीच नव्हती. रोज फरशी पुसताना तिथून पाणी चढत गेलं आणि महिनाअखेरीस खालची फळी चहात बुडवलेल्या मारी बिस्किटासारखी फुगली. दार लागेना. आतली तऱ्हा आणखी वाईट. नवऱ्याच्या ऑफिसच्या लेदर बुटांवर पांढरट हिरवी लव आलेली. मी डांबरगोळ्या टाकल्या. त्या ओल शोषत नाहीत. बुटांना जुन्या शालूचा वास मात्र आला.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ओली चप्पल कोंडून ठेवायची असते का कधी? आमच्या पडवीत ओळीने असायच्या, वारा लागायचा." मी त्या दिवशी तोंड वाकडं केलं, पण गोष्ट खरी होती. भंगारवाल्याने ते कपाट एका बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "लोखंड असतं तर किलोवर घेतलं असतं."

मग रीतसर दुकानं फिरले. पुढे झुकून उघडणाऱ्या कप्प्यांचं एक उभट कपाट मनात भरलं. बूट त्यात उभे राहतात, त्यामुळे खोली जेमतेम ७-८ इंच, लहान घराला एकदम योग्य. पण कप्पे उघडले की सगळं वजन पुढे येतं, म्हणून ते भिंतीला स्क्रूने बांधावंच लागतं. दुकानदाराने स्वतःच बजावलं, "लहान मूल आहे ना घरात? मग न बांधता ठेवू नका." आणि आमच्या करारात स्पष्ट लिहिलंय, भिंतीला खिळा मारायचा नाही. घरमालक काकांना फोन केला, तर ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "तेवढं सोडून काहीही करा." चिकटपट्टीचा विचार मी करणार नव्हते. मागच्या घरी दुहेरी टेपने लावलेले हुक काढताना रंगाचे पापुद्रे निघाले आणि डिपॉझिटमधून ३,००० कापले गेले होते.

सुताराला विचारलं. तो मरीन प्लायचं म्हणाला, ज्याच्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो. पाण्याला टिकतं यात शंका नाही. पण ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने एका कोपऱ्याच्या मापाचं जड कपाट करून घ्यायचं आणि पुढच्या घरी ते जिन्यातून चढवायचं, हे माझ्या हिशोबात बसेना.

खरा उलगडा झाला तो दुकानात नाही, घरातच. एका शनिवारी सगळे १९ जोड ओळीने मांडले आणि रोज पायात कुठले जातात ते पाहिलं. ९! बाकी लग्नाकार्याच्या सँडल, ट्रेकचे बूट, लेकीला लहान झालेले पण टाकवत नाहीत असे शाळेचे बूट. तीन जोड देऊन टाकले, उरलेले कोरडे करून खोक्यात, खोकी पलंगाखाली. म्हणजे मला कपाट नकोच होतं. नऊ-दहा जोडांना वारा लागेल अशी जागा हवी होती.

ती जागा दाराआड निघाली. आमचं मुख्य दार आत उघडतं. पूर्ण उघडलं तरी दार आणि बाजूची भिंत यांच्यात साडेदहा इंच उरतात. अडचण दोन. नवऱ्याचा ९ नंबरचा बूट १२ इंच लांब, आणि लॅचची मूठ त्या फटीत दोन इंच घुसते. मुठीसाठी उंची कमी ठेवली की झालं. बुटासाठी मी सामान हलवतानाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्याची तिरकी फळी केली आणि बूट ठेवून दार उघडून-मिटून पाहिलं. साधारण ४५ अंशांत टाच वर, चवडा खाली असा ठेवला की साडेनऊ इंचांत मावतो. मग खडूने भिंतीलगत फरशीवर चौकोन आखला आणि दोन दिवस घरच्यांना तिथेच चपला काढायला लावल्या. कुणाचा पाय अडखळला नाही.

पुठ्ठ्याचा तो नमुना घेऊन नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्याने तो उलटसुलट केला आणि विचारलं, "घरात स्लिपर वापरता का, ताई? दोनच पाइप दिले तर बूट बसेल, स्लिपर मधून खाली पडणार. मधे एक पट्टी मारतो." हे मला चार दुकानांत कुणी सांगितलं नव्हतं. एक इंची चौकोनी पाइपची चौकट, ३० इंच रुंद, ३० उंच, तीन तिरके मजले, पुढे चपला घसरू नयेत म्हणून छोटी दांडी. फरशीपासून चार इंच वर, म्हणजे खालून पोछा फिरतो. आधी गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, मग राखाडी रंग, पायांना रबरी बुश. २,४०० रुपये, पाच दिवस.

तक्रारी आहेत. पहिला आठवडा घरभर रंगाचा वास होता. रॅक भिंतीला बांधलेला नाही, म्हणून जड बूट खालच्याच मजल्यावर ठेवायचे हा नियम मला रोज बोलून दाखवावा लागतो. पाहुणे आले की त्यांच्या चपला दाराबाहेरच राहतात, आणि सेक्रेटरींनी त्यावर अजून काही म्हटलेलं नाही. पण हा दुसरा पावसाळा गेला. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रॅकवर ठेवते, रात्री बोळे एकदा बदलते. लव आली नाही.

आता मे महिन्यात करार संपतोय. काकांच्या मुलाला घर हवंय. गेल्या रविवारी कोथरूडला एक फ्लॅट बघितला. एजंट पाणी किती वाजता येतं ते सांगत होता, नवरा बाल्कनीतून टेकडी बघत होता आणि मी मुख्य दार उघडून त्याच्यामागे टेप धरून उभी होते. सव्वाअकरा.