पिझ्झाच्या भट्टीशेजारची वाइन

वाइनची यादी हातात आली की बहुतेकांची नजर उजवीकडच्या आकड्यांवरून खाली घसरते, सर्वांत स्वस्त बाटलीपाशी पोचते आणि भिडेखातर एक ओळ वर सरकते. हॉटेलवाल्याला ही खोड पक्की ठाऊक असते. तेव्हा आकड्यांचा रकाना जरा वेळ हाताने झाकून डावीकडचं वाचलेलं बरं.

पुण्या-मुंबईत आता कुठल्याही बऱ्यापैकी वस्तीत असतं तसं इटालियन हॉटेल धरू. पंधरा-वीस टेबलं, लाकडाची भट्टी, पास्त्याचे दहा-बारा प्रकार आणि दोन पानांची वाइनची यादी. ही यादी जोखायला वाइनचा मोठा अभ्यास लागत नाही. ती करणाऱ्याने आपल्याच स्वयंपाकघरातली ताटली पुढ्यात घेऊन या वाइन चाखल्या आहेत, की वितरकाने पुढे केलेल्या कागदावर नुसत्या खुणा केल्या आहेत, एवढंच ओळखायचं असतं.

पहिली खूण म्हणजे उत्पादकाचं नाव आणि द्राक्षं काढल्याचं साल. ‘चियांती’ आणि पुढे किंमत, एवढ्यावरच ओळ संपत असेल तर त्या ओळीतून काहीच कळत नाही. चियांती हा इटलीच्या तस्कनी प्रांतातला भलामोठा प्रदेश, उत्पादक शेकड्यांनी. साध्या चियांतीत सांजोव्हेजे द्राक्ष किमान ७० टक्के लागतं, चियांती क्लासिकोत ८०. क्लासिको हा त्या प्रदेशाचा जुना गाभा, त्याचे नियम वेगळे, आणि बाटलीच्या मानेवर काळ्या कोंबड्याचा शिक्का. दोन्हींच्या दर्जात नि किमतीत बरंच अंतर असतं, म्हणून यादीत ‘क्लासिको’ हा शब्द आहे की नाही हे बघावंच. माँतेपुल्चानोचा घोटाळा तर त्याहून मजेदार. ‘माँतेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये ते द्राक्षाचं नाव आहे, तर ‘व्हिनो नोबिले दि माँतेपुल्चानो’मध्ये तस्कनीतल्या गावाचं, आणि त्या गावची वाइन मुख्यतः सांजोव्हेजेची. पहिली रोजच्या जेवणातली, दुसरी बरीच महाग. यादीत नुसतं ‘माँतेपुल्चानो’ लिहिलं असेल तर ‘यातली कोणती?’ असं वेटरला विचारावं. उत्तर आलं तर छान. तो बाटलीच उचलून आणून दाखवत असेल तर त्याहून छान.

साल पाहायचं ते मुख्यतः पांढऱ्या वाइनसाठी. पिनो ग्रीजो ताजेपणावरच जगते, काढणीनंतर दोन-तीन वर्षांत ती संपवलेली बरी. नाशिकची पांढरी वाइन असेल तर आणखी एक हिशेब. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, इटलीत ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे एकाच सालाचा आकडा छापलेल्या दोन बाटल्यांत नाशिकची साधारण सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

यादी जेवणाशी किती जमते हे बघताना टोमॅटोपासून सुरुवात करावी, कारण अशा हॉटेलात निम्मे पदार्थ त्यातच शिजतात. टोमॅटो आंबट, त्यामुळे सोबतची वाइनही तितकीच आंबट हवी, नाहीतर ती तोंडात पिचपिचीत लागते. सांजोव्हेजे आणि बार्बेरा या दोन्ही इटालियन द्राक्षांच्या लाल वाइन आंबटपणात पक्क्या. बार्बेरात तुरटपणा कमी, त्यामुळे वरणभातावर पिळलेल्या लिंबाच्या फोडीसारखी ती साध्या पास्त्यालाही उठाव देते. लाल वाइनच्या पानावर ऑस्ट्रेलियाची शिराझ नि चिलीची काबर्ने सोव्हिन्यो गर्दी करून बसल्या असतील, लाकडाचा वास नि साडेचौदा टक्के अल्कोहोल घेऊन, तर ती यादी स्टेक विकणाऱ्या हॉटेलाची आहे, टोमॅटोची मारिनारा विकणाऱ्याची नव्हे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. आराबियाता, म्हणजे मिरची घातलेला टोमॅटोचा सॉस, इथे इटलीपेक्षा तिखट करतात, आणि वर लाल मिरचीच्या कुटाची वाटीही ठेवतात. तुरट, भरपूर अल्कोहोलची वाइन अशा तिखटाला आणखी पेटवते. तिथे नाशिकची किंचित गोडसर पांढरी शेनिन ब्लां कुठल्याही भारी लाल वाइनपेक्षा उजवी. थंडगार लांब्रुस्कोही चालते. ती लाल असते, फसफसते नि अनेकांना उगाच हलकी वाटते, पण यादीत कोरडी, म्हणजे गोड नसलेली, लांब्रुस्को दिसली की तिथल्या माणसाला खाण्यापिण्याची आवड आहे असं खुशाल समजावं. नावासाठी कोणी ती ठेवत नाही.

नावासाठी ठेवतात ती बारोलो ही इटालियन लाल वाइन. कायद्याने तिला ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात. तुरटपणा जबरदस्त, किंमत त्याहून. मेन्यूत सावकाश शिजवलेलं मटण किंवा बीफ नसताना यादीत तीन-तीन बारोलो असतील तर त्या शोभेच्या. उलट, मशरूम रिसोतो चांगला करणाऱ्या हॉटेलाने ‘लांगे नेब्ब्योलो’ ठेवली असेल तर ती निवड डोकं चालवून केलेली. द्राक्ष बारोलोचंच, भाग तोच, मुरवण्याची सक्ती कमी, किंमतही बरीच कमी.

पांढऱ्यांत नुसत्या पिनो ग्रीजो आणि शार्दोने म्हणजे आळस. सोआवे, व्हेर्दिक्क्यो, गावी, व्हर्मेंतीनो यांतली एक तरी हवी. पेस्तो ही बेसिलच्या पानांची चटणी जेनोव्हाची, म्हणजे लिगुरियातली. त्याच किनाऱ्यावर व्हर्मेंतीनो पिकते, आणि तुळशीच्या कुळातल्या त्या पानांशी तिचं छान जमतं.

अकलूजची ओळ यादीत असेल तर ती वगळू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला सांजोव्हेजेची लागवड आहे. इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ ही वाइन कंपनी उभी केली. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यो यांची मिसळ. इटालियन वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क बसत आलं, त्यावर राज्याचे कर वेगळे. त्यामुळे यादीतल्या सर्वांत स्वस्त इटालियन बाटलीत वाइनपेक्षा कराचेच पैसे जास्त. त्याच किमतीची अकलूजची किंवा नाशिकची बाटली बहुधा सरस निघते. इटालियन हॉटेलाने आपल्याच राज्यातली सांजोव्हेजे ठेवू नये याला काही कारण नाही, पण अनेक जण ठेवत नाहीत.

आता हात काढून आकडे बघायला हरकत नाही. बाटली ७५० मिलीची, ग्लास बहुधा १५० चा, म्हणजे एका बाटलीत पाच ग्लास. बाटली २,४०० ची आणि ग्लास ६०० चा असेल तर बाटलीची किंमत चार ग्लासांत वसूल होते. उघडलेली वाइन वाया जाण्याची जोखीम हॉटेल घेतं, त्याचा हा मोबदला, आणि तो रास्त आहे. ग्लास ८०० चा असेल तर तिघांनी थेट बाटलीच मागवावी. ग्लासात किती मिली हे यादीत लिहिलेलं नसेल तर विचारावं. १२० मिली ओतून १५० चे पैसे घेणं अवघड नाही. बाटली कधी उघडली हेही विचारायचं. लाल वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस तग धरते, बारच्या फळीवर उभी ठेवली तर दुसऱ्याच दिवशी शिळी लागते.

आणि मान वळवून बाटल्या कुठे ठेवल्यात तेही बघावं. लाकडाच्या भट्टीत ४०० अंशांवर पिझ्झा भाजतात, आणि सजावट म्हणून तिच्याच शेजारच्या भिंतीवर बाटल्यांची रांग लावलेली असते. तिशीच्या पुढच्या उष्णतेत काही आठवडे काढलेली वाइन शिजते. तिला उकडलेल्या फळांचा, जॅमसारखा वास येतो, आणि कधी बूचही मानेतून किंचित वर आलेलं दिसतं. बूच असं वर आलेली बाटली उघडण्याआधीच परत करावी. लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची हा नियम थंड देशांतल्या घरांचा, जिथे खोली पूर्वी १६ ते १८ अंशांची असायची. आपल्या मे महिन्यात ती वाइन ३२ अंशांवर येते आणि नुसती अल्कोहोलसारखी झोंबते. बर्फ आणि पाणी भरलेली बादली मागवून बाटली दहा-पंधरा मिनिटं तिच्यात ठेवावी. नुसत्या बर्फात नको, बाटलीला सगळीकडून गारवा पाण्यामुळेच मिळतो. वेटरने भुवया उंचावल्या तर उंचावू द्याव्यात.

बाटली उघडल्यावर चाखायला घोटभर ओततात तो वाइन आवडली का हे विचारायला नव्हे, ती बिघडलेली तर नाही ना हे पाहायला. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट वास आला तर बुचातली बुरशी वाइनला लागलेली असते. ग्लास फिरवून तो वास जात नाही, उलट वाढतो. काडी ओढल्यासारखा वास मात्र हवा लागली की पाच मिनिटांत उडतो, त्यासाठी बाटली परत करू नये. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत बुरशीचा त्रास जवळपास नसतोच. त्या झाकणाला कमी लेखण्याचं कारण नाही.

यादीत काहीच हाती लागलं नाही, उत्पादक नाही, साल नाही आणि बाटल्या भट्टीशेजारी, तर सरळ थंड बिअर मागवावी. पिझ्झासोबत इटलीतही सर्रास तीच पितात.