आधी सारखं काय ते विचारा

चार वर्षांच्या मुलासमोर केळं आणि चेंडू ठेवून ‘फरक काय?’ विचारलं, तर ते म्हणतं, ‘हे केळं, तो चेंडू.’ उत्तर बरोबरच आहे, आपणच जोडी चुकीची लावली. वस्तू जितक्या एकमेकींसारख्या, तितके फरक मुलांना भराभर सुचतात. ऐकायला हे उलटं वाटतं, पण दोघांनाही देठ असेल तरच ‘याचा जाड, त्याचा बारीक’ असं म्हणता येतं.

खान्देशात अशा जोड्या घरातच पडलेल्या असतात. कच्चं केळं नि पिकलं केळं, दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी नि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, बोंडातला कापूस नि सरकी काढलेला कापूस. पण सुरुवात करायची तर भरताचं मोठं हिरवं वांगं आणि भरून करायचं लहान जांभळं वांगं घ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथेही शेवटी प्रश्न हाच असतो, की बाकीच्यांपेक्षा याचं वेगळं काय?

दोन्ही वांगी पाटावर ठेवा आणि एक-दोन मिनिटं नुसती हाताळू द्या. देठाला काटे असतील तर ते आधी खुडून टाका. मग पहिला प्रश्न सारखेपणाचा. फरक डोळ्यांत भरतो, सारखेपणा शोधावा लागतो, म्हणून त्याला आधी वेळ द्यायचा. देठ, देठाखालची टोपी, गुळगुळीत साल अशी तीन उत्तरं आली तरी पुष्कळ झालं. ‘आत काय असेल?’ हे अंदाजाने सांगू द्या आणि मगच तुम्ही वांगी चिरा. बिया दोन्हींत निघतात आणि सारखेपणाच्या यादीत मुलाच्या डोळ्यांदेखत भर पडते. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसं तिसऱ्या आकड्यालाच उत्तर सांगून मोकळी होतात.

फरकांकडे वळलात की हमखास एक घोळ होतो. मूल म्हणतं, ‘हे मोठं आहे आणि ते जांभळं आहे.’ दोन्ही खरं, पण तुलना झालीच नाही, कारण एकाचा आकार सांगितला नि दुसऱ्याचा रंग. ‘चूक’ म्हणू नका. ‘ते जांभळं, मग हे कोणत्या रंगाचं?’ एवढंच विचारा. रंगाशी रंग, सालीशी साल. ही शिस्त लागायला काही आठवडे लागतात आणि खरं शिकणं तेच आहे. ‘हे जांभळं नाही’ असं उत्तर आलं, तरी पुढचा प्रश्न तोच: ‘मग कसं आहे?’

दुसरी अडचण ‘मोठं’ या शब्दाची. मुलं लांब, उंच, रुंद, जाड, जड या सगळ्याला एकच ‘मोठं’ वापरतात. त्यावर कापसासारखं साधन नाही. एका पिशवीत गच्च न दाबता कापूस भरा, दुसऱ्या हातात मुठीएवढा दगड द्या. मोठं कोणतं, जड कोणतं, हे प्रश्न वेगवेगळे विचारा. ‘मोठं तेच जड’ हा समज हातावरच मोडतो. भरताचं वांगं घेताना जाणती माणसं हेच करतात. सारख्या आकाराच्या दोन वांग्यांतलं हाताला हलकं लागेल ते घेतात, कारण त्यात बिया कमी असतात. मुलाला बाजारात न्या आणि निवड त्याच्या हातावर सोपवा.

घरात अहिराणी किंवा लेवा बोली असेल तर तुलना त्याच बोलीत होऊ द्या. ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) ने सुरू झालेली गंमत प्रमाण मराठीच्या हट्टापायी बंद पाडू नये. ‘पेक्षा’, ‘दोन्ही’, ‘पण’ हे शब्द मागाहून तुमच्या बोलण्यातून आपोआप उचलले जातात.

पाचव्या वर्षाच्या आसपास तीन वस्तू घ्या: चमचा, पळी, झारा. पळी चमच्यापेक्षा लांब पण झाऱ्यापेक्षा आखूड, हे मुलांना सहज पटत नाही. एकच वस्तू लांबही आणि आखूडही कशी? दोन-दोनच्या जोड्या वेगळ्या ठेवून दाखवा, मग तिन्ही ओळीत लावा. पाण्याचं मात्र घाईने समजावू नका. एकाच पेल्याने मोजलेलं पाणी उंच ग्लासात नि पसरट ताटलीत ओतलं, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं ग्लासातलंच जास्त म्हणतात. पुन्हा पेल्यात ओतून दाखवा आणि वाद सोडून द्या.

वेळ किती? चौथ्या वर्षी दहा मिनिटं, पाच-सहाला पंधरा ते वीस. तीन वर्षांखालच्या मुलाला सरकी किंवा धान्याचे दाणे देऊ नका, ते नाकातोंडात जातात. ‘तुला कोणतं आवडतं?’ हा प्रश्न या खेळात नको, ती आवड झाली, तुलना नव्हे. आणि भावंडं, त्यांचा रंग, उंची यांची तुलना तर नकोच. ती करायला नातेवाईक समर्थ आहेत.

मुलं पाचाच्या पुढची असतील तर दोन-दोन मीटर सुतळीची दोन वर्तुळं जमिनीवर मांडा, आधी एकमेकांपासून दूर. प्रत्येक जवळपास दोन फूट रुंद होतं. एकात ‘हिरवं’, दुसऱ्यात ‘सोलून घ्यायचं’. मिरची नि मेथी पहिल्यात, लसूण नि पिकलं केळं दुसऱ्यात. मग मटाराची शेंग हातात द्या. मूल ती इकडे ठेवतं, उचलतं, तिकडे ठेवतं, दोघं असतील तर भांडतात. भांडू द्या. वर्तुळं एकमेकांवर सरकवण्याची युक्ती तुम्ही आधी सांगितलीत तर मजा गेली. कोणीतरी शेंग दोन सुतळ्यांच्या मधल्या फरशीवर ठेवेपर्यंत थांबा आणि मग विचारा, ‘सुतळी हलवली तर?’